आजोबांचा टाटा-मर्सिडीज ट्रक: भंगारात द्यायच्या आधी

प्रश्न असा आला आहे. विट्याकडच्या एका गावात आजोबांचा टाटा-मर्सिडीज ट्रक वीसेक वर्षं शेडमध्ये उभा आहे. बॉनेट पुढे आलेलं, केबिन लाकडी, गाडी साधारण १९६६ ची. आजोबा आणि त्यांचे भाऊ मिळून ट्रान्सपोर्ट चालवायचे, पण तो धंदा कसा चालायचा हे सांगणारं घरात आता कोणी उरलेलं नाही. भंगारवाला मागे लागलाय. गाडी द्यावी की दुरुस्त करावी? आणि करायची तर सुरुवात कुठून?

मी कराडच्या ट्रान्सपोर्टवाल्याच्या घरातला. वडील आणि दोन काका मालक. मी तेराव्या वर्षी पाना हातात धरून गाडीखाली शिरलो आणि बावन्नाव्या वर्षी घरातली शेवटची गाडी विकली. तेव्हा उत्तर लांबणार, सांभाळून घ्या.

गाडी देऊ नका. पण तिला हात लावायच्या आधी केबिनमधली सीट उचला. खाली पत्र्याची किंवा लाकडाची पेटी असेल. त्यात पाने, फ्यूज, जुना पट्टा असं काहीबाही निघेल आणि नशीब असेल तर गाडीची वही निघेल. मग घरातला माळा, देवघराखालचं कपाट, आजीची ट्रंक बघा. बिल्टीबुकं (बिल्टी म्हणजे माल पाठवल्याची पावती), जकातीच्या पावत्या, पंपाची उधारीची बिलं, परमिटच्या प्रती, जे सापडेल ते एका जागी ठेवा. वाळवी लागली असेल तर ऊन दाखवा, पण रद्दीत घालू नका. इंजिन कधीही बांधता येतं. बिल्टी एकदा गेली की गेली. आमच्या वाटणीच्या वेळी कागदांची तीन पोती बंबात गेली. त्याची रुखरुख मला गाड्या विकल्याच्या दुःखापेक्षा जास्त आहे.

त्या कागदात काय असतं ते सांगतो, म्हणजे धंदाही कळेल.

आमच्या आजोबांची कराड-चिपळूण रस्त्यावर एक प्रवासी मोटार होती. १ जून १९४८ ला पुणे-नगर मार्गावर पहिली एसटी धावली आणि पुढच्या काही वर्षांत एकेक रस्ता सरकारकडे गेला. खाजगी मोटारवाल्यांच्या हातात गाडी राहिली, रस्ता गेला. आपल्याकडच्या बऱ्याच मराठी ट्रान्सपोर्ट घराण्यांची सुरुवात अशी आहे: प्रवासी गेले म्हणून पोती भरली. आजोबांनी लष्कराच्या डिस्पोजलमधली एक शेवरलेट घेतली, पेट्रोलवरची. मालाच्या धंद्यात तिचं पेट्रोल परवडेना, म्हणून पुढे तिच्या जागी पर्किन्स डिझेल इंजिनाची फार्गो आली.

माल का मिळायचा, याचं एक कारण आता लोकांच्या लक्षात राहिलेलं नाही. पुणे-मिरज-कोल्हापूर रेल्वे तेव्हा मीटर गेज होती. पुण्यापुढे मुंबईला ब्रॉड गेज. म्हणजे कोल्हापूरचा किंवा कराडचा गूळ रेल्वेने पाठवला तर पुण्यात एका डब्यातून दुसऱ्या डब्यात हलवायचा. प्रत्येक हलवाहलवीत ढेप फुटणार, पावसाळ्यात पाझरणार, चार दिवस यार्डात पडणार. ट्रक मात्र अडत्याच्या दारात भरला की मुंबईत मशीद बंदरच्या दारात रिकामा. १९७१ च्या सुमारास लाइन ब्रॉड गेज झाली, पण तोवर व्यापाऱ्यांना ट्रकची सवय लागली होती.

गूळ भरणं हे काम आहे. खाली उसाचं पाचट किंवा भाताचा पेंढा, त्यावर चटया, मग ढेपा. पावसाळ्यात वर दोन ताडपत्र्या, आणि दोर असा आवळायचा की बोटाने छेडला तर वाजला पाहिजे. चिपळूणहून येताना सुकट-बोंबील भरले असतील तर ती गाडी सोडा टाकून धुतल्याशिवाय गुळाला लावायची नाही. एकदा घाईत धुवायची राहिली. मुंबईच्या व्यापाऱ्याने ढेप हुंगली आणि अख्खी गाडी परत पाठवली. ते भाडं तर बुडालंच, वर त्याने वर्षभर आमच्या गाडीला माल दिला नाही.

मुंबईला जाताना मालाची चिंता नसे. खरी चिंता परतीच्या भाड्याची. कराडहून मुंबई तीनशे किलोमीटरच्या वर. रिकामी गाडी परत आली की जातानाचा सगळा नफा डिझेलमध्ये गेला. म्हणून घरातला एक भाऊ मुंबईत असायचा. आमचे धाकटे काका कर्नाक बंदरजवळ एका खोलीत सोळा वर्षं राहिले. दिवसभर दलालांच्या पेढ्यांवर फिरून लोखंडाच्या सळ्या, किराणा, रंगाचे डबे, खत, जे मिळेल ते परतीला लावायचे. त्यांचं लग्न झालं तरी काकू कराडलाच. तुमच्या घरातही असा एखादा मुंबईचा आजोबा असेल. बिल्टीबुकात त्याचं अक्षर वेगळं दिसेल, ते शोधा.

बिल्टीच्या तीन प्रती: एक माल पाठवणाऱ्याला, एक ड्रायव्हरबरोबर माल घेणाऱ्याकडे, एक ऑफिसात. कोपऱ्यात ‘पेड’ किंवा ‘टू-पे’ लिहिलेलं असतं. टू-पे म्हणजे भाडं माल उतरल्यावर, घेणाऱ्याकडून. कुठल्या व्यापाऱ्याला टू-पे चालायचं आणि कुणाकडून आधी पैसे घ्यायचे, हे आमच्याकडे मोठ्या काकूंना पाठ होतं. शिक्षण सातवी. ऑफिस म्हणजे आमच्या घराचा पुढचा सोपा, म्हणजे ओसरी. दुपारी पुरुषमंडळी शेडवर गेली की त्या खतावणी घेऊन बसायच्या. मुंबईतल्या एका दलालाने आमचे सहा गाड्यांचे पैसे बुडवले, तेव्हा घरात सगळे डोक्याला हात लावून बसले. काकूंनी एवढंच विचारलं, “तिसऱ्या गाडीलाच मी काय सांगितलं होतं?” कंपनीच्या पाटीवर तिन्ही भावांची नावं होती. काकूंचं नव्हतं.

आता गाड्यांबद्दल, कारण तुमचा ट्रक कुठे बसतो ते कळलं पाहिजे.

त्या काळात रस्त्यावर मोजके चेहरे. कुर्ल्याच्या प्रीमियरमधून डॉज आणि फार्गो यायच्या. दोन्ही एकच गाडी, नुसता बिल्ला वेगळा. तरी डॉजवाला फार्गोवाल्याला हसायचा. उत्तरपाड्याच्या हिंदुस्थान मोटर्सची बेडफर्ड. मद्रासकडच्या एन्नोरची लेलँड कॉमेट. आणि जमशेदपूरच्या टेल्कोची, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सची, टाटा-मर्सिडीज. टेल्को १९४५ ची, रेल्वेची इंजिनं बनवणारी. डेमलर-बेंझशी करार होऊन १९५४ मध्ये पहिला ट्रक निघाला. करार १९६९ पर्यंत चालला. म्हणून तोवरच्या गाड्यांच्या जाळीवर तीन टोकांची चांदणी असते आणि नंतरच्यांवर टाटांचा ‘टी’. तुमच्या गाडीची जाळी बघा. चांदणी नसेल तर त्या जागेवर स्क्रूची भोकं दिसतील. हे बिल्ले चोरीला जायचे, त्यात नवल नाही.

माझं मत विचाराल तर मजबुतीत कॉमेट सगळ्यांच्या वर होती. माल जास्त झाला तरी कुरकुर नाही. पण कराडमध्ये तिचा एखादा पार्ट गेला तर माणूस पुण्याला, नाहीतर मद्रासला. टाटा जिंकली ती इंजिनाने थोडी आणि पार्टने जास्त. दहा गावांत फिरा, दहा ठिकाणी डिझेल फवारणारं नोझल बघणारा मिस्त्री आणि स्प्रिंगचा पाटा बदलणारा लोहार भेटायचाच. रात्री दोनला पाटा तुटला तर सकाळी आठला गाडी रस्त्यावर, हे फक्त टाटाचं. फार्गोला मात्र मी वाईट म्हणणार नाही. गिअर बदलायला डबल क्लच, म्हणजे एका गिअरला दोनदा क्लच दाबणं, लागायचा, आणि तो ज्याला जमला त्याला पुढे कुठलीही गाडी जड गेली नाही.

टाटांचे आकडे वाचायला सोपे. १२१० म्हणजे सगळा भार धरून बारा टन आणि शंभरेक घोड्यांची ताकद. पुढची १६१२ म्हणजे सोळा टन आणि एकशेवीस. इंजिनाचेही तसेच: ६९२ म्हणजे सहा सिलिंडर, ९२ मिलिमीटरचा बोअर, आणि ६९७ म्हणजे ९७ चा. तुमच्या इंजिनाच्या ब्लॉकवर नंबर असेल. ग्रीस खरवडून वायर ब्रशने साफ करा, पॉलिश पेपर मारू नका. गाडी १९६६ ची असली तरी इंजिन मागाहून बदललेलं असण्याची शक्यता भरपूर. आमच्या एका गाडीने तीन इंजिनं पाहिली.

गाडी घरी यायची ती केबिनशिवाय. नाव नोंदवून वाट बघायची, मग जमशेदपूरहून नुसती चॅसी निघायची: इंजिन, बॉनेट, स्टिअरिंग आणि मागे उघडी लोखंडी पट्टी. ड्रायव्हर लाकडी खोक्यावर बसून, डोक्याला मफलर, डोळ्याला गॉगल, नागपूरमार्गे सतराअठराशे किलोमीटर यायचा. १९६५ ची आमची चॅसी आली तो दिवस मला स्पष्ट आठवतो. ड्रायव्हरचा चेहरा धुळीने इतका भरला होता की त्याने गॉगल काढल्यावर आम्ही पोरं हसलो आणि आईने आम्हाला रागावून त्याला आधी गरम पाणी दिलं. १९७७ मध्ये पुण्याच्या कारखान्यातून ट्रक निघू लागले आणि आम्हा पश्चिम महाराष्ट्रवाल्यांची ती यात्रा संपली.

मग बॉडी. सुतार, लोहार आणि पेंटर, तिघांचं महिनाभराचं काम. केबिन सागवानी, हौद्याच्या फळ्या जाड, फाळक्याच्या, म्हणजे मागच्या उघडणाऱ्या झडपेच्या, बिजागऱ्या लोहाराने हातांनी ठोकलेल्या. पेंटर शेवटी यायचा आणि त्याचाच मान जास्त. कपाळावर देवाचं नाव, दारावर कंपनीचं, मागे ‘हॉर्न ओके प्लीज’. त्या शब्दांवर २०१५ मध्ये महाराष्ट्रात बंदी आली. तुमच्या फाळक्यावर असतील तर पुसू नका, शेडमध्ये उभ्या गाडीचा हॉर्न कोण वाजवतंय?

घाटाबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. आमचे सगळ्यात जुने ड्रायव्हर, त्यांना सगळे चाचा म्हणायचे, त्यांचा एक नियम: ज्या गिअरमध्ये घाट चढलास त्याच गिअरमध्ये उतर. उतारावर न्यूट्रल करून डिझेल वाचवणाऱ्याला ते गाडीतून उतरवायचे, मालकाचा पोरगा असला तरी. मला खंबाटकीत एकदा खरंच उतरवलं होतं आणि पायथ्यापर्यंत चालत यायला लावलं. तेव्हा बोगदा नव्हता, जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्या एकाच वळणावर समोरासमोर. खोपोलीहून खंडाळ्याला चढताना रेडिएटर उकळायचा. क्लिनर एका हातात पाण्याचा डबा आणि दुसऱ्या हातात लाकडी ओंडका घेऊन गाडीबरोबर चालायचा, गाडी थांबली की ओंडका चाकाखाली. वाटेत शिंग्रोबाच्या देवळापाशी चाचा न चुकता नाणं टाकायचे. घाटाची वाट दाखवणाऱ्या धनगराचं ते देऊळ, अशी आख्यायिका. चाचा नमाजी माणूस. मी एकदा विचारलं तर म्हणाले, “अरे, रस्ता दाखवणाऱ्याचा धर्म विचारतात का?” आणि गिअर टाकला.

कुंभार्ली आमचा घरचा घाट. कोयना धरणाच्या कामाला कराडहून माल जायचा, सिमेंटच्या खेपा तर वडिलांनी मोजायच्या सोडल्या होत्या. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा कराडमध्ये आम्ही सगळे रस्त्यावर आलो. उजाडायच्या आत वडिलांनी दोन गाड्यांतला गूळ शेडमध्ये उतरवला आणि धान्य, घोंगड्या, पाण्याची पिंपं भरून कोयनानगरला पाठवल्या. मी पंधरा वर्षांचा. मला नेलं नाही. संध्याकाळी गाडी परत आली ती जखमी माणसं घेऊन. खाली गुळासाठी घातलेलं पाचट तसंच होतं, त्यावर ती झोपवलेली. गाडीच्या वहीत त्या दिवसापुढे वडिलांनी किलोमीटर आणि डिझेल लिहिलं आणि भाड्याच्या रकान्यात रेघ मारली. ती वही वाटणीतून वाचलेल्या चार वह्यांपैकी एक.

धंदा का मोडला, याला एकच उत्तर नाही. १९७५ मध्ये नॅशनल परमिट आलं. आधी परराज्यात जायला त्या त्या राज्याची परमिटवर प्रतिसही लागायची, ती कटकट कमी झाली. ते चांगलंच झालं, पण त्याबरोबर मोठ्या, गावोगाव ब्रँच असलेल्या कंपन्यांना मोकळं रान मिळालं. परतीचं भाडं त्यांच्या ब्रँचमध्ये आपोआप तयार असायचं. आमचं एका काकाच्या पायपिटीवर होतं आणि काका म्हातारे झाले. १९८६ मध्ये टाटा ४०७ आल्यावर लहान मालाची वर्दी तिकडे गेली. मग वाटणी. सहा गाड्या तीन भावांत दोन-दोन. कागदावर बरोबर आणि धंद्यात चूक, कारण दोन गाड्यांसाठी मुंबईत माणूस ठेवणं कुणालाच परवडत नाही. आमची पिढी कमी पडली हेही आहे. मला गाडी दुरुस्त करता यायची, उधारी वसूल करता यायची नाही.

आता तुमच्या गाडीचं. वीस वर्षं उभ्या इंजिनाला बॅटरी जोडून सेल्फ मारू नका. सगळ्यात जास्त इंजिनं या उत्साहाने जातात. रिंगा सिलिंडरला धरलेल्या असतात, जोर लावला की मोडतात. आधी सहाही नोझल काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि इंजिन ऑइल अर्धं-अर्धं मिसळून घाला आणि आठ-दहा दिवस सोडून द्या. मग नोझल बाहेरच ठेवून फ्लायव्हील हाताने, पहारीने हळूहळू मागेपुढे हलवा. फिरलं तर निम्मी लढाई जिंकलात. नाही फिरलं तर परत तेल, परत आठ दिवस. घाई कसली, वीस वर्षं थांबलीच आहे. चेंबरमधलं जुनं तेल काढताना खाली स्वच्छ परात ठेवा, पाणी किंवा पांढरा गाळ दिसला तर हेड उघडल्याशिवाय पुढे जाऊ नका. डिझेलची टाकी उतरवून आतून धुवा, फिल्टर नवे घाला. डिझेल पंप आणि नोझल हे पंप दुरुस्त करणाऱ्याकडेच द्या, घरी खोलू नका. मायको कंपनीचे जुने पंप अजून नीट करून देणारे लोक सांगली-कोल्हापुरात आहेत. शेवटी लाइनमधली हवा काढा आणि मगच सेल्फ.

ब्रेकवर एक पैसाही वाचवू नका. मास्टर सिलिंडर, व्हील सिलिंडरचे वॉशर, सगळे पाइप नवे. गाडी सुरू होणं लोकांना मोठं वाटतं, मला ती थांबणं मोठं वाटतं.

टायर काढताना मात्र हात जोडून सांगतो: जुन्या वीस इंची चाकांना टायर धरून ठेवणारी लोखंडी लॉक रिंग असते. गंजलेली रिंग हवा भरताना सुटली तर माणूस जागेवर जातो. पंक्चरवाल्याकडे पिंजरा नसेल तर चाकाला साखळी गुंडाळल्याशिवाय हवा भरू देऊ नका, आणि समोर कुणी उभं राहू नका.

रंग देऊ नका. हे ऐकून घरचे नाराज होतील, कारण पहिला खर्च सगळ्यांना रंगावरच करायचा असतो. केबिनचं कुजलेलं लाकूड तेवढं बदला, बाकी धुवा आणि जवसाचं तेल लावा. दारावरचं आजोबांच्या कंपनीचं नाव फिकट असलं तरी ज्या हाताने लिहिलंय तो हात परत मिळणार नाही.

कागदांचं बोलायचं तर एक गैरसमज आधी काढून टाकतो. २०२१ मध्ये केंद्राने विंटेज गाड्यांसाठी नियम केले, ‘व्हीए’ मालिकेचा वेगळा नंबर मिळतो वगैरे. पण ते पन्नास वर्षांवरच्या, बिगर-व्यावसायिक, वैयक्तिक वापराच्या दुचाकी-चारचाकींसाठी आहेत. माल वाहणारा ट्रक त्यात बसवायला जाऊ नका, कुणी एजंट करून देतो म्हणाला तरी. मूळ आरसी बुक, शेवटची फिटनेस, कर भरल्याच्या पावत्या घेऊन आरटीओत स्वतः जा आणि नोंदणीची आजची स्थिती लेखी विचारा. तोवर गाडी स्वतःच्या आवारात फिरवा. खंडेनवमीला फुलं वाहून शेडमधून बाहेर काढा, चक्कर मारा, परत लावा.

एक काम आजच करा. मागचा फाळका खाली पाडा आणि आतल्या बाजूने ओल्या फडक्याने पुसून बघा. बॉडी बांधणारे तिथे स्वतःचं नाव आणि गाव लिहायचे. कराड निघालं तर तुमचे आजोबा आमच्या शेडसमोर महिनाभर मुक्कामाला होते असं समजा. बॉडी पुरी होईपर्यंत मालक तिथून हलायचे नाहीत, आणि त्यांचं दुपारचं जेवण आमच्याकडे असायचं.